‘मला वाटलं म्हणून...’

दवाखान्यात बसल्यावर दिवसातून पंधरा-वीस वेळा तरी दोन शब्द माझ्या कानावर पडतात. ‘मला वाटलं.’ डॉक्टर, बरं वाटायला लागलं, मला वाटलं आता गोळ्यांची गरज नाही. मला वाटलं गॅस असेल. मला वाटलं लग्नातल्या एका जिलबीनं काय होतंय. मला वाटलं, सुगी आटोपली की दाखवू. सत्तावीस वर्षे या गावात मी सर्दी-पडशापासून सर्पदंशापर्यंत सगळे पाहतो आहे. सापा-विंचवांनी जेवढे पेशंट मला घाईने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायला लावले, त्याहून जास्त या ‘मला वाटलं’ने लावले आहेत.

पेठेतल्या एका किराणा दुकानदारांचीच गोष्ट घ्या. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. (नाव-खुणा बदलल्या आहेत, ओळखीच्यांनी तर्क करू नयेत.) कॅम्पमध्ये सहज तपासले तर बी.पी. १७० वर १०० निघाले. गोळी सुरू केली. चार महिन्यांत १३० वर ८० आले. अण्णा खूश, मी खूश. त्यानंतर ते दवाखान्याकडे फिरकले नाहीत. अकरा महिन्यांनी एका पहाटे चहाचा कप त्यांच्या हातातून निसटला, तोंड वाकडे झाले आणि बोलणे अडखळले. मुलाने तासाभरात मोठ्या हॉस्पिटलात नेले म्हणून बरेच वाचले. असे झाल्यावर पहिले साडेचार तास फार मोलाचे असतात. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन द्यायचे की नाही, ते त्या वेळेतच ठरते. आता अण्णा काठी घेऊन चालतात, गल्ल्यावर बसतात, पण उजव्या हाताने सुटे पैसे मोजता येत नाहीत.

एकदा ते सगळे पेशंट जाईपर्यंत थांबले आणि म्हणाले, “डॉक्टर, त्या वेळी मनानं सांगितलेलं एकेक वाक्य मला आठवतंय. पहिलं म्हणजे, ‘आता नॉर्मल आलंय.’ ते तर खरंच होतं. दुसरं, ‘गोळीची सवय लागते.’ हे शेजारचेही म्हणायचे. तिसरं, ‘दिवाळीची गर्दी संपू दे, मग सुरू करू.’ एकही वाक्य वेडेपणाचं वाटलं नाही हो. बाहेरच्या माणसानं एवढं फसवलं असतं तर पोलिसात गेलो असतो. आता तक्रार कुणावर करू?”

बी.पी. नॉर्मल आले ते गोळीमुळे. छत्रीखाली अंग कोरडे राहिले म्हणून पाऊस थांबला असे कोणी म्हणत नाही आणि छत्री मिटत नाही. हे मी अण्णांना पूर्वीही सांगितले होते. त्यांनी मान डोलावली होती. कळले नाही असे नव्हतेच. कळलेले ऐकू न देणारा कोणीतरी मध्ये बसला होता.

या मध्ये बसणाऱ्याचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे, आणि तो मला माझ्या वैद्यकीच्या पुस्तकांत कधी इतका स्वच्छ सापडला नाही. कठोपनिषदात यम नचिकेताला रथाचे चित्र काढून दाखवतो. शरीर हा रथ, इंद्रिये घोडे, मन हे लगाम, बुद्धी सारथी आणि आत बसलेला प्रवासी निराळाच. शाळेत हे चित्र आपण पाहिलेले असते, कॅलेंडरवरही असते. पण त्यातली खोच अशी की मन हा मालक नाही. घोड्यांनी लगामाला हिसका दिला, तर तो हिसका गाडीवानाच्या हाताला जाणवतो. बैल मळ्याकडे ओढ घेतात तेव्हा आपला गाडीवान ‘मला मळ्यात जावेसे वाटले’ असे म्हणत नाही. बैल ओढतायत, एवढे त्याला कळते. आपण मात्र आतून ओढ आली की तिला लगेच ‘मला वाटलं’ म्हणतो आणि तिच्या कागदावर सही करून मोकळे होतो.

समर्थांनी तर हे आपल्या मराठीत आणून ठेवले. मनाचे श्लोक एकंदर २०५. सज्जनगडाच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी ते पाठ करून कंपासपेटी नाही तर स्टीलचे भांडे बक्षीस मिळवलेले असते. मीही मिळवले आहे. पण ते श्लोक कोणाला उद्देशून आहेत, हा साधा प्रश्न मला चाळिशीनंतर पडला. समर्थ मनाला हाक मारतात. हाक दुसऱ्यालाच मारता येते. ज्याला हाक मारायची तो मी नव्हे, हे त्या एका संबोधनात आले. शिवाय हाक मारताना ते त्याला शिव्या देत नाहीत, चांगल्या घरच्या माणसाशी बोलावे तसे बोलतात. ‘काय हा माझा दुबळा स्वभाव’ म्हणून कपाळ बडवून घेणाऱ्या पेशंटने हे लक्षात घ्यावे. मनाशी भांडण नको. त्याचे ऐकायचे की नाही एवढेच आपण ठरवायचे.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर कीर्तनकार कधीपासून झाले? मी कीर्तनकार नाही. मी एम.बी.बी.एस. झालेला साधा डॉक्टर, आणि देवळात जातो तो बहुधा प्रसादापुरता. पण हत्यार कोणाच्या कारखान्यात बनले यापेक्षा ते कापते का, हे मी पाहतो. माझी तक्रार एवढीच की असे धारदार हत्यार आपण लाल कापडात गुंडाळून देव्हाऱ्यावर ठेवले आहे. गीताजयंतीला फूल वाहतो, आणि संध्याकाळी त्याच पुस्तकात सांगितलेल्या सापळ्यात पाय घालतो.

माझाच पाय सांगतो. एकोणपन्नासाव्या वर्षी माझी शुगर वाढलेली निघाली. दुसऱ्याचा रिपोर्ट असता तर त्याच दिवशी आहार, चालणे आणि औषध ठरवून दिले असते. मी काय केले? मशीनची स्ट्रिप जुनी असेल असे ठरवले. मग आदल्या दिवशीच्या जागरणावर ढकलले. मग म्हटले, तीन महिन्यांची तपासणी करू, पण आंब्याचा सीझन जाऊ द्या, नाहीतर रिपोर्ट उगाच वाढीव येईल. हापूसमध्ये फायबर असते हेही मला तेव्हाच आठवले. असे आठ महिने गेले. पेशंटला अज्ञान फसवते असे आपण म्हणतो. मला माझ्या ज्ञानाने फसवले. अडाणी माणसाच्या मनाला एक सबब सापडते, डॉक्टरच्या मनाला पाच सापडतात, त्याही शास्त्रीय.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन अगदी हाच प्रश्न विचारतो. माणसाची इच्छा नसताना, जबरदस्तीने जुंपल्यासारखा तो चुकीचे करायला का जातो? भगवंत उत्तर देतात ते काम-क्रोधाचे, म्हणजे हाव आणि तिला अडवले की येणारा राग. पण पुढे ते या हावेचे राहण्याचे पत्ते देतात तिथे मी थबकलो. इंद्रिये आणि मन हे दोन पत्ते मला अपेक्षित होते. तिसरा पत्ता बुद्धीचा आहे. म्हणजे ज्याच्या हातात लगाम, त्या सारथ्यालाच फितवलेले असू शकते. जिलबी बघून तोंडाला पाणी सुटते तोवर शत्रू समोर असतो. ‘कधीतरी साखर खाल्ली की शरीराला सवय राहते’ असा युक्तिवाद सुचतो तेव्हा तो घरात शिरून वकिलाचा कोट घालून बसलेला असतो.

मग ओळखायचे कसे? मी स्वतःवर केलेला उपाय सांगतो, फी नाही. प्रिस्क्रिप्शनच्या पाठकोऱ्या कागदांवर आठवडाभर मी मनाची वाक्ये लिहून काढली. अट एकच. ‘मला वाटते’ लिहायचे नाही, ‘मन म्हणते’ लिहायचे. मन म्हणते, आज पाऊस आहे, चालायला उद्या जाऊ. मन म्हणते, पाहुण्यांना वाईट वाटेल म्हणून एक लाडू घ्यावा. मन म्हणते, तू डॉक्टर आहेस, तुला कळतं. सातव्या दिवशी ते कागद वाचताना मला हसू आले आणि लाजही वाटली. सौभाग्यवतींच्या हाती ते लागले तेव्हा त्या म्हणाल्या, “यात नवीन काय? हे मी लग्नापासून ऐकतेय.” घरच्या माणसांना आपल्या मनाचे दावे आपल्याआधी ओळखता येतात, ही सोय लग्न झालेल्यांनी अवश्य वापरावी.

वाक्य कागदावर आले की त्याला कठोपनिषदाची कसोटी लावायची. तिथे श्रेयस आणि प्रेयस अशा दोन वाटा सांगितल्या आहेत. एक हिताची, एक आवडीची. दोन्ही माणसासमोर एकदमच येतात, आणि शहाणा माणूस त्यांच्याभोवती फिरून, नीट बघून निवड करतो. आवडीची वाट फसवी असते ती तिच्या घाईमुळे. मनाच्या फसव्या सल्ल्याची ही खूण मी दवाखान्यात पुष्कळदा पडताळली आहे. त्याला आत्ताच्या आत्ता होकार हवा असतो, आणि हिताच्या गोष्टीला मात्र ते ‘उद्या’ देते. जिलबी आज, तपासणी उद्या. गुटखा आज, सोडणे एक तारखेपासून. दुसरी खूण म्हणजे त्याला साक्षीदार आवडत नाही. जे करताना बायकोने किंवा डॉक्टरने पाहू नये असे वाटते, त्याची वकिली बहुधा मनाने केलेली असते.

गीतेत शेवटच्या अध्यायात सुखाचेही प्रकार केले आहेत. एक सुरुवातीला विषासारखे लागते आणि शेवटी अमृतासारखे होते, दुसरे बरोबर उलटे. पहाटेचे चालणे पहिल्या आठवड्यात विषच असते, हे मी शपथेवर सांगतो. पण इथे एक इशारा द्यायला हवा. यावरून जे जे कडू ते ते औषध, असा अर्थ काढणारे लोक मला रोज भेटतात. इन्सुलिन बंद करून कारल्याचा रस पिणाऱ्या एका मावशींना शुगर ४०० च्या पुढे गेल्यावर ग्लानीत आणले होते. कडू सोसल्याचे समाधान हेही मनाचेच लाड असतात.

मनाला विरोध म्हणजे प्रत्येक ऊर्मी दाबून टाकणे, असाही गैरसमज पसरलेला आहे. तो काढायला चरकाइतका चांगला डॉक्टर नाही. मी ॲलोपॅथीवाला, तरी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय प्रत्येक दवाखान्यात लावावा असे माझे मत आहे. त्यात वेगांचे, म्हणजे आतून येणाऱ्या रेट्यांचे, दोन गट केले आहेत. मल, मूत्र, शिंक, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप, श्रमानंतरचा श्वास असे तेरा वेग अडवू नयेत. लोभ, शोक, भय, क्रोध, मत्सर, कठोर बोलणे, चहाडी, दुसऱ्याला पीडा देणे, यांचे वेग मात्र अडवावेत. आता आपण काय करतो पाहा. बाजारच्या दिवशी खेड्यातून आलेल्या बायका स्वच्छ जागा नाही म्हणून सकाळपासून दुपारपर्यंत लघवी अडवतात, पाणीच पीत नाहीत, आणि चार दिवसांनी थंडीतापाने माझ्याकडे येतात. पुरुषाने रडायचे नाही म्हणून बाप गेल्यावर डोळे कोरडे ठेवणारा तरुण सहा महिन्यांनी छातीत धडधड म्हणून येतो. झोप आली असताना पोरे मोबाईल बघत बसतात. जे अडवायला नको ते अडवतो. राग मात्र आला की लगेच वाट करून देतो, ‘मी मनात काही ठेवत नाही’ असे वर कौतुकाने सांगतो. शरीराची हाक आणि मनाची हाक यांतला फरक ज्याला कळला, त्याचे माझ्याकडचे निम्मे फेरे कमी होतील.

चरकाने या चुकांना शब्दही नेमका दिला आहे. प्रज्ञापराध. बुद्धी, धीर आणि स्मरण यांची घडी बिघडली की माणूस स्वतःच्या हाताने अहित करतो, आणि ते रोगाचे मोठे कारण, असे तो सांगतो. स्मरण यात आहे हे महत्त्वाचे. मागच्या वेळी काय झाले होते याचा मनाला नेमका त्या क्षणी विसर पडतो.

आणि मन किती हुशार असते पाहा, ते शास्त्रही आपल्या बाजूने उभे करते. आषाढी-कार्तिकी आणि नवरात्रात माझ्याकडे शुगर-बी.पी.चे पेशंट बिघडून येतात. “उपास होता ना डॉक्टर, गोळी कशी घेणार?” गोळीने उपास मोडतो, पण साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स आणि राजगिऱ्याच्या गोड वड्यांनी मोडत नाही. म्हणजे प्रेयसाला सूट आणि श्रेयसाला बंदी. वास्तविक कशाने व्रतभंग होत नाही अशा आठ गोष्टींची यादी महाभारतात दिली आहे, आणि तिच्यात औषध आहे. सहावा अध्याय तर स्पष्ट सांगतो की फार खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, तसा जागत राहणाऱ्यालाही नाही. ज्यांना उपास करायचाच आहे त्यांनी आठ दिवस आधी येऊन विचारावे. शुगरच्या काही गोळ्या उपाशीपोटी धोक्याच्या असतात, काही चालतात. ते ठरवणे माझे काम आहे. ‘देवाच्या मनात असेल तसं होईल’ हे वाक्य ऑपरेशन टाळण्यासाठी आले की मी विचारतो, दुकानाला कुलूप लावता का हो रात्री?

आता व्यसनाबद्दल, कारण पत्रे त्याचीच जास्त येतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. पुडी मिळते की नाही ते वाचकांनीच सांगावे. तंबाखूची तल्लफ पोटातून येते असे लोकांना वाटते. एस.टी.चे एक वाहक माझ्याकडे यायचे, तंबाखू सुटत नव्हती, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हते. तल्लफ कधी येते ते दोन दिवस घड्याळ बघून लिहा असे मी त्यांना सांगितले. त्यांनी लिहून आणले. शेवटचे तिकीट फाडून झाले की, गाडी घाटाला लागली की, आणि चहावर. म्हणजे पोटाने काहीच मागितले नव्हते. खिशातल्या चुन्याच्या डबीकडे हात जायचा, मग आठवण घोळायची, मग ओढ, आणि डबी सापडली नाही तर ड्रायव्हरवर चिडचिड.

ही साखळी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कडी-कडी मोकळी करून ठेवली आहे. एखाद्या गोष्टीचे चिंतन करीत राहिले की तिच्याविषयी आसक्ती, आसक्तीतून इच्छा, इच्छा अडली की क्रोध, मग भ्रम, मग स्मरणाचा घोटाळा आणि शेवटी बुद्धीचा नाश. खालच्या कड्या हत्तीला तुटत नाहीत. वरची पहिली कडी, नुसते घोळवणे, ती मात्र आपल्यासारख्याला तोडता येते. म्हणून डबी खिशात नको, घरातही नको. आणि घोळवणे सुरू झालेच तर त्या जागी दुसरे काही ठेवायचे. योगसूत्रांत पतंजलींनी याला प्रतिपक्षभावना म्हटले आहे. वाईट विचाराचा त्रास होऊ लागला की त्याच्या उलट बाजूचे चिंतन करायचे. वाहकसाहेब लहानपणी मनाचे श्लोक शिकलेले होते. मी म्हटले, तल्लफ आली की हळूहळू म्हणायला लागा, दहा-पंधरा म्हणा. यात मंत्राचा चमत्कार नाही. तल्लफेची लाट बहुधा पाच-दहा मिनिटांत ओसरते, आणि तेवढा वेळ तोंड व डोके दोन्ही गुंतलेले राहतात. ज्याचा विश्वास नाही त्याने पाढे म्हणावेत, तेही चालतील. पण पाढे म्हणताना मनाला हाक मारल्यासारखे होत नाही, हा माझा पक्षपात समजा.

ते तीनदा परत घसरले. अर्जुनानेही सहाव्या अध्यायात हात टेकले होते. मन आवरणे म्हणजे वाऱ्याची मोट बांधण्यासारखे आहे, असेच त्याचे म्हणणे. भगवंतांनी ते नाकारले नाही, कठीण आहे हे मान्य केले आणि मग अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले. अभ्यास म्हणजे पुन्हा, पुन्हा, पुन्हा. म्हणून तंबाखू चौथ्यांदा सोडायला आलेल्या माणसाला मी कधी हसत नाही. वाहकसाहेबांची सुटली ती चौथ्या वेळी. दंतवैद्यांकडेही पाठवले होते, निकोटीनचे च्युइंगगमही दिले होते. श्रेय कोणाला द्यायचे यावर आमचा वाद नाही.

इथपर्यंत लिहिलेले वाचून ‘मन घट्ट करा, गीता वाचा, औषधाची गरज नाही’ असा सोयीचा अर्थ कोणी काढू नये, म्हणून आता माझी एक मोठी चूक सांगतो. पंधरा वर्षे झाली, अजून रात्री आठवते.

एक शिक्षक यायचे. चाळिशीचे, अबोल. झोप लागत नाही, भूक नाही, पहाटे तीनला जाग येते, कशात रस नाही. रक्त-लघवी सगळे नॉर्मल. त्यांच्या बोलण्यात एकदा आले, “माझा घराला भारच आहे.” मला तेव्हा मनोबलावर प्रवचन देण्याची खोड होती. मी म्हटले, “गुरुजी, तुम्ही इतरांना शिकवता. मन घट्ट करा. स्वतःचा उद्धार स्वतःच करायचा असतो, गीतेतच सांगितलंय. रोज एक अध्याय वाचा.” त्यांनी नमस्कार केला आणि गेले. तीन आठवड्यांनी त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. वेळेत कळले म्हणून वाचले. भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, “रोज वाचत होतो डॉक्टर. वाचून वाटायचं, एवढं सांगूनही मला उठता येत नाही, म्हणजे मी खरंच नालायक.”

त्यांना डिप्रेशनचा आजार होता. ‘मी भार आहे’ हे वाक्य आजाराने त्यांच्या मनाच्या तोंडी घातले होते. ते त्यांचे मत नव्हते, आणि तसे ते मी ओळखायला हवे होते. न्यूमोनियाच्या पेशंटला ‘श्वास घट्ट धरा’ सांगण्यासारखा तो सल्ला होता.

त्यानंतर मी गीतेचा पहिला अध्याय पुन्हा उघडला, डॉक्टर म्हणून. अर्जुनाच्या तक्रारी केस पेपरवर लिहाव्यात अशा आहेत. अंग गळून गेले आहे, तोंडाला कोरड पडली आहे, शरीर कापते आहे, त्वचेची आग होते आहे, उभे राहवत नाही, डोके भिरभिरते आहे, धनुष्य हातातून सुटते आहे. आणि पुढे काय होते? श्रीकृष्ण आधी त्याला तेच म्हणतात जे मी गुरुजींना म्हणालो. हा दुबळेपणा सोड आणि ऊठ. अर्जुन उठला का? नाही उठला. युद्ध करणार नाही म्हणून गप्प बसला. मन घट्ट कर, हे वाक्य प्रत्यक्ष भगवंताच्या तोंडून येऊनही चालले नाही! मग ते त्याच्याजवळ बसून बोलत राहिले. त्याने उलटसुलट प्रश्न विचारले, तेच पुन्हा विचारले, तरी वैतागले नाहीत. अठराव्या अध्यायात कुठे तो म्हणतो की माझा मोह गेला. स्वतःला स्वतःच वर काढावे हे खरे, पण ते ऐकणाऱ्याच्या रथाचे लगाम त्या वेळी दुसऱ्या कोणाच्या हातात होते, हे आपण विसरतो.

गुरुजींना मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. औषधे सुरू झाली, सहा-सात आठवड्यांनी ते पहाटे पाचपर्यंत झोपू लागले. पुढे दीड वर्ष उपचार चालले. नंतर त्यांनी गीता पुन्हा वाचायला घेतली. म्हणाले, आता ती रागावत नाही.

तेव्हापासून माझा नेम ठरला आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस झोप, भूक आणि उमेद गेली असेल, आपण नसलो तर बरे असे वाटत असेल, तर ते मनाचे सर्वांत फसवे वाक्य समजायचे आणि एकट्याने त्याच्याशी वाद घालत बसायचे नाही. घरात ज्याच्याशी बोलवते त्याला सांगायचे, डॉक्टरकडे यायचे. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. ‘टेली मानस’ची सरकारी सेवा २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र केव्हाही लावा, मराठीत बोला. घरातल्यांनीही ‘काय कमी आहे तुला?’ हा प्रश्न विचारू नये. त्या माणसाने तो स्वतःला हजारदा विचारलेला असतो. शेजारी बसावे. ऐकावे. कीटकनाशके आणि औषधे कुलपात ठेवावीत.

छातीत दुखण्याचेही तसेच. छातीत दाब, घाम आणि डाव्या हातात कळ असताना ‘मन म्हणते गॅस आहे’ हे कागदावर लिहीत बसू नका, १०८ ला फोन करा.

हा लेख लिहायला घेतला त्या दिवशी अण्णा बी.पी. तपासायला आले होते. १२८ वर ८०. गोळी चालू आहे. टेबलावरचे कागद पाहून त्यांनी विषय विचारला, मी सांगितला. ते म्हणाले, “आणि डॉक्टर, तुमची तीन महिन्यांची शुगर किती आलीय?”

मी ड्रॉवर उघडून रिपोर्ट शोधू लागलो. शेवटचा सात महिन्यांपूर्वीचा निघाला.

“या सोमवारी करणारच आहे,” मी म्हटले. “आज नाश्ता झालाय.”

“त्या तपासणीला उपाशीपोट लागत नाही,” अण्णा म्हणाले. “तुम्हीच मला सांगितलं होतंत.”

कंपाउंडरला हाक मारली आणि बाही वर केली. रिपोर्ट उद्या संध्याकाळी येईल.